मेलबर्न शहर पायी पाहताना

परमुलखातून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो “काय काय पाहिलंत?” हा. मग तो बिचारा यादी सांगू लागतो. अमका मनोरा पाहिला, तमका पूल पाहिला, बाग पाहिली, संग्रहालय पाहिले. ऐकणारे मान डोलावतात, चहा येतो आणि गोष्ट तिथेच संपते.

दोन वर्षांमागे उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी माझ्या भाच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. भाचा आणि भाचेसून दोघेही नोकरीवर जाणारी. सकाळी आठ वाजता घराला कुलूप. “मामा, तुम्ही दिवसभर एकटे काय करणार?” सूनबाईंनी काळजीने विचारले. मी म्हटले, “चालणार.” इतिहास शिकवणाऱ्या माणसाला शहर पाहायचे तर त्याने पायीच पाहावे, असे मला वाटते. मोटारीतून फक्त पाट्या वाचता येतात.

मात्र निघण्यापूर्वी मी तीन प्रश्न गाठीला बांधून घेतले. वर्गात मुलांना मी हेच प्रश्न विचारायला सांगतो. ही जागा आधी कोणाची होती? हे बांधले कोणी? आणि इथे कोणाला येऊ दिले नाही? हे तीन प्रश्न घेऊन तुम्हीही माझ्याबरोबर चला. वाट दोन-अडीच कोसांची आहे. पायांत जुना, रुळलेला जोडा असू द्या आणि अंगावर कोट घ्या. कारण आपल्याकडचा मे महिना म्हणजे तिकडचा हिवाळ्याचा उंबरठा. शिवाय एकाच दिवसात चारही ऋतू दिसतात, असे तिथली माणसे आपल्या हवेविषयी हसत हसत सांगतात, आणि ते काही खोटे नाही. पाय दुखलेच तर रस्त्यारस्त्यातून ट्राम धावते. शहराच्या मध्यभागात तिला तिकीट लागत नाही. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद पडली. इथली मात्र जगातल्या मोठ्यांपैकी एक म्हणून आजही चालू आहे.

आरंभ करू फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनापासून. पिवळसर रंगाची लांबलचक इमारत, वर घुमट, आणि दारावर ओळीने लावलेली घड्याळे. “घड्याळांखाली भेटू” असे म्हटले की मेलबर्नच्या माणसाला जागा कळते. इथे उभे असताना भाचा म्हणाला, “मामा, गंमत ठाऊक आहे का? हे स्टेशन खरं म्हणजे आपल्या बोरीबंदरसाठी काढलेलं. लंडनमध्ये नकाशांची अदलाबदल झाली. आपलं त्यांच्याकडे आलं आणि त्यांचं आपल्याकडे!”

ही आख्यायिका त्या शहरात पुष्कळ सांगतात, आणि मुंबईकराला ती ऐकताना गुदगुल्या होतात. पण सनावळी मांडून पाहा. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८८७-८८ मध्ये पुरे झाले. फ्लिंडर्स स्ट्रीटच्या आराखड्याची स्पर्धा झाली १८९९ साली. ती जिंकली तिथल्याच रेल्वेच्या दोन नोकरांनी, आणि इमारत पुरी झाली १९१० मध्ये. जे स्टेशन बारा वर्षे आधीच उभे होते, त्याचा नकाशा मागाहून कसा बदलणार? शिक्षकबंधूंनो, सनावळीला पोरे कंटाळतात हे मला ठाऊक आहे. पण खोटी गोष्ट पकडायला तिच्यासारखे हत्यार नाही, हे त्यांना या स्टेशनावरून सांगता येईल.

स्टेशनाच्या मागेच नदी आहे, यारा. पाणी गढूळ, मातकट. काठाकाठाने पश्चिमेला थोडे चाला म्हणजे मूळ जागा लागते. पूर्वी इथे नदीच्या पात्रात कातळाचा एक आडवा पट्टा होता. त्याच्या खाली समुद्राचे खारे पाणी चढे आणि वर गोडे पाणी राही. गलबत नांगरायला जागा आणि प्यायला पाणी, दोन्ही एके ठिकाणी मिळाले म्हणून वस्ती इथे झाली. तो कातळ पुढे १८८० नंतरच्या दशकात सुरुंग लावून फोडून टाकला.

आता पहिला प्रश्न. ही जागा आधी कोणाची? कुलिन नावाच्या लोकसमूहातील वुरुंजेरी लोकांची. हजारो वर्षे ते इथे राहत होते. नदीला ते बिरारुंग म्हणत. मग ‘यारा’ हे नाव आले कोठून? १८३५ साली वेज नावाचा एक मोजणीदार आला. धबधब्यासारख्या वाहत्या पाण्याकडे बोट करून तिथल्या माणसांनी ‘यारो यारो’ असा काही शब्द उच्चारला. मोजणीदाराला वाटले, नदीचे नाव हेच! त्याने ते टिपून घेतले आणि तेच कायम झाले. ऐकण्यातली एक चूक नकाशावर चढली, ती आजतागायत उतरलेली नाही.

त्याच १८३५ साली जॉन बॅटमन नावाचा गृहस्थ टास्मानियाहून आला. जून महिन्यात जवळच्या एका ओढ्याकाठी तिथल्या आठ प्रमुखांकडून त्याने कागदावर खुणा करून घेतल्या. कागदाप्रमाणे सुमारे सहा लक्ष एकर जमीन त्याच्या मंडळीची झाली. मोबदला काय? कांबळी, कुऱ्हाडी, चाकू, कात्र्या, आरसे, हातरुमाल, काही सदरे आणि पीठ. शिवाय दरसाल असाच काही माल देण्याचे वचन. जमीन विकणे ही कल्पनाच त्या लोकांना परकी होती. आलेल्या पाहुण्याला आपल्या मुलखात काही काळ राहू देण्याचा त्यांचा एक विधी असे, त्यातलाच हा प्रकार त्यांना वाटला असावा, असे पुष्कळ इतिहासकारांचे मत आहे.

आणि पुढची गंमत ऐका. ऑगस्टमध्ये गव्हर्नर बर्कने तो करार रद्द ठरवला. का? मूळ मालकांना ठकवले म्हणून? छे! जमीन मुळी त्यांची नव्हतीच, ती इंग्लंडच्या राजाची होती, तेव्हा ती विकण्याचा त्यांना अधिकार नाही, असे जाहीर केले. म्हणजे एकाने कवडीमोलाने घेतली, तर दुसऱ्याने तेवढीही किंमत न देता घेतली. दोन वर्षांनी, १८३७ मध्ये, याच बर्कने नव्या गावाला इंग्लंडच्या मुख्य प्रधानाचे नाव दिले. तो प्रधान होता लॉर्ड मेलबर्न.

नदीकडे पाठ करून आता शहरात शिरू. रस्ते पाहा कसे आहेत. जणू बुद्धिबळाचा पट! १८३७ साली रॉबर्ट हॉडल या मोजणी अधिकाऱ्याने हा पट आखला. मोठे रस्ते ९९ फूट रुंद आणि मधले बारके ३३ फूट. मोठ्या रस्त्याचे नाव बर्क, तर मागच्याचे लिटल बर्क, म्हणजे धाकटा बर्क. बारक्या रस्त्यांतून आणखी बोळ फुटतात आणि त्या बोळांत काळा दगड बसवलेला दिसतो. मी वाकून हात लावून पाहिला. आपल्या सह्याद्रीचा कातळ ज्या जातीचा, त्याच जातीचा, ज्वालामुखीतून आलेला. परमुलखात आपल्या ओळखीचे काही भेटले की माणूस उगीचच सुखावतो.

हा पट भरला तो सोन्याने. १८५१ साली व्हिक्टोरिया हा वेगळा प्रांत झाला आणि त्याच वर्षी बॅलरॅट, बेंडिगो या भागांत सोने सापडले. खलाशी जहाजे सोडून पळाले, कारकुनांनी लेखण्या टाकल्या. १८५१ मध्ये प्रांताची वस्ती होती सुमारे ७७ हजार. दहा वर्षांनी ती झाली ५ लाख ३८ हजारांच्या घरात! बँका, नाटकगृहे, विद्यापीठ, ग्रंथालय, सारे काही या दहा-बारा वर्षांत उठले.

स्वान्स्टन रस्त्याने उत्तरेला चालत राहा. उजव्या हाताला लिटल बर्क रस्ता लागेल. त्यावर लाल कमानी, चिनी अक्षरांच्या पाट्या, खाणावळी. ही चिनी पेठ १८५० नंतरच्या दशकापासून इथे आहे. इथे तिसरा प्रश्न विचारायचा. कोणाला येऊ दिले नाही?

सोन्याच्या वासाने जसे इंग्रज आले, आयरिश आले, तसे चिनीही आले. १८५५ साली व्हिक्टोरियाच्या सरकारने कायदा केला. उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागे १० पौंड कर, आणि एका जहाजातून आणायच्या चिनी उतारूंवरही मर्यादा. इतरांना असे काही नाही. मग जहाजवाल्यांनी युक्ती काढली. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया प्रांतातल्या रोब नावाच्या बंदरात ते चिनी उतारूंना उतरवू लागले. तिथून सोन्याच्या खाणी चारशे किलोमीटरांच्या वर. ही माणसे खांद्यावर कावड घेऊन, एकामागे एक, रानावनातून चालत आली. अशी एकदोन नव्हे, हजारो माणसे. वाटेत काही मेली. आपल्याकडे वारीला जाणारा माणूस पंढरीचे नाव घेत चालतो. हे लोक कशाचे नाव घेत चालले असतील, हा विचार त्या पेठेतून जाताना माझ्या मनातून जाईना. २०१७ साली, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी, व्हिक्टोरियाच्या मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात या कराबद्दल चिनी समाजाची माफी मागितली. पेठेतच १९८५ पासून एक संग्रहालय आहे. वेळ काढून ते पाहा.

आणखी पुढे गेले की रुंद पायऱ्या आणि दगडी खांबांची मोठी वास्तू लागते. हे सरकारी ग्रंथालय. १८५६ मध्ये उघडले. ते उभारण्यात पुढाकार होता न्यायाधीश रेडमंड बॅरी यांचा. त्यांनी नियम केला तो असा, की चौदा वर्षांच्या वरच्या कोणीही यावे, हात मात्र स्वच्छ असावेत. ना वर्गणी, ना शिफारस. त्या काळात, खाणकामगारांच्या त्या गावात, हे मोठेच धाडस म्हटले पाहिजे. आत १९१३ साली बांधलेले अष्टकोनी वाचनालय आहे, वर उंच घुमट. शाळेतली मुले, म्हातारे, परदेशांतून नुकते आलेले लोक, सगळे एका घुमटाखाली वाचत बसलेले असतात. मी तिथे तासभर बसलो. कोणी विचारले नाही की तुम्ही कोण, कोठले.

याच बॅरीसाहेबांनी १८८० साली नेड केली या प्रसिद्ध दरोडेखोराला फाशीची शिक्षा दिली. नेड केली हा आयरिश गरीब शेतकऱ्याचा मुलगा. पोलिसांशी लढताना नांगराच्या लोखंडाचे चिलखत घालून उभा राहिलेला. कोणी त्याला खुनी म्हणतात, कोणी गरिबांचा कैवारी म्हणतात. ते चिलखत आज याच ग्रंथालयात ठेवलेले आहे. शिक्षा देणाराची देणगी आणि शिक्षा भोगणाराचे चिलखत एका छपराखाली!

ग्रंथालयापासून पश्चिमेला वळले की क्वीन व्हिक्टोरिया मार्केट. हा १८७८ सालापासूनचा बाजार. पत्र्याच्या लांब छपऱ्या, खाली भाजीचे ढीग, मासळी, चीज, जुने कपडे. विकणारे इटलीचे, ग्रीसचे, व्हिएतनामचे. ओरडणे मात्र अगदी आपल्या आठवडी बाजारासारखे. मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन वास घेतला, तेव्हा विक्रेता हसला. त्याला कळले असावे.

पण पायाखाली काय आहे हे पाहिले पाहिजे. या बाजाराचा काही भाग शहराच्या जुन्या दफनभूमीवर आहे. सुमारे ९ हजार मृतदेह अजून जमिनीखाली आहेत. तो जमीन घेणारा बॅटमनही १८३९ साली इथेच पुरला होता. त्याचे अवशेष मागाहून हलवले. १८८१ साली लोकांनी वर्गणी काढून त्याचे स्मारक केले. त्यावर कोरले काय? तर त्याने वसाहत केली तेव्हा ही जागा निर्मनुष्य होती! वाचकहो, विचार करा. ज्या माणसाने आठ मालकांच्या खुणा कागदावर घेतल्या, त्याच्याच दगडावर पन्नास वर्षांच्या आत लिहिले गेले की इथे माणूसच नव्हता. दगडावर कोरले म्हणून ते खरे होत नाही. १९९२ साली नगरपालिकेने त्याला खुलाशाची पाटी जोडली. जुना दगड फोडून टाकण्यापेक्षा शेजारी खुलासा लिहिणे मला अधिक पटले. चूक आणि दुरुस्ती दोन्ही पुढच्या पिढीला वाचता येतात.

बाजारापासून व्हिक्टोरिया रस्ता धरून पूर्वेला या. चौकात एक खांब दिसेल. टोकाला सोनेरी गोल आणि त्यावर तीन आकडे, ८, ८, ८. समोर कामगारांचे ट्रेड्स हॉल. आता दुसरा प्रश्न. हे शहर बांधले कोणी?

२१ एप्रिल १८५६. विद्यापीठाच्या इमारतीवर काम करणाऱ्या पाथरवटांनी छिन्नी-हातोडा खाली ठेवला. वाटेतल्या इतर कामांवरचे गवंडी बरोबर घेत ते पार्लमेंटच्या इमारतीपर्यंत मिरवत गेले. मागणी एकच होती. आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःचे. पगार न कापता बांधकामाच्या धंद्यांत ती मान्य झाली. मोठ्या शहराने आठ तासांचा दिवस मान्य केल्याचे जगातल्या अगदी पहिल्या उदाहरणांत हे मोडते. आज कोणत्याही कारखान्यात आठ तासांची पाळी संपून भोंगा वाजतो, तेव्हा त्यात या पाथरवटांचाही थोडा वाटा असतो.

पण तिसरा प्रश्न इथेही सोडू नका. ज्या कामगार चळवळीने हे मिळवले, तिचाच मोठा भाग चिनी कामगारांच्या विरुद्ध उभा राहिला. स्वस्तात काम करून ते आपली मजुरी पाडतात, ही तक्रार. १८९६ च्या व्हिक्टोरियातील कायद्याने खुर्च्या-टेबलांवर ते कोणाच्या हातचे, युरोपियनाच्या की चिनी माणसाच्या, याचा शिक्का मारणे भाग पाडले. सुताराच्या रंध्याला कसली आली जात? पण तीही शोधून काढली. चांगल्या चळवळीलाही आपल्या अंगणाचे कुंपण असते, हे आपल्याला काही परके नाही.

रस्ता ओलांडला की कार्लटन बाग आणि बागेत भव्य घुमटाची इमारत, रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग. १८८० च्या जागतिक प्रदर्शनासाठी सोन्याच्या पैशांतून बांधलेली. २००४ सालापासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. ९ मे १९०१ रोजी, सहा वसाहतींचे मिळून झालेल्या ऑस्ट्रेलिया देशाचे पहिले पार्लमेंट याच घुमटाखाली उघडले. नंतर ते १९२७ पर्यंत मेलबर्नच्याच पार्लमेंट हाउसमध्ये भरत असे आणि मग कॅनबेराला गेले.

त्या पार्लमेंटने पहिल्याच वर्षी, डिसेंबर १९०१ मध्ये, केलेला एक कायदा शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊ द्यायचे नव्हते. पण हिंदुस्थानातले लोकही त्याच राजाचे प्रजाजन. रंगाचे नाव कायद्यात घेतले तर लंडनला अडचण. मग तोड काय काढली? श्रुतलेखन! बंदरावर अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा वाचणार आणि उतारूने तो लिहायचा. इंग्रजी येते? मग जर्मन. जर्मन येते? मग आणखी कोणती तरी. नको असलेला माणूस नापास होईपर्यंत भाषा बदलायची. १९०९ नंतर या परीक्षेत एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही.

१९३४ साली कीश नावाचा युरोपातील पत्रकार आला. त्याला पुष्कळ भाषा येत. त्याला उतरू देईनात, तेव्हा त्याने मेलबर्नच्या धक्क्यावर जहाजातून उडी टाकली आणि पाय मोडून घेतला. पुढे सिडनीत त्याला स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत श्रुतलेखन घातले! देशाच्या उच्च न्यायालयाने मग निकाल दिला की कायद्यातल्या अर्थाने गेलिक ही युरोपीय भाषा होत नाही. ही परीक्षा १९५८ साली बंद झाली, आणि गोऱ्यांपुरते दार ठेवण्याचे धोरण १९७३ पर्यंत पुरते मोडीत निघाले. आपण शाळेत श्रुतलेखन घालतो ते मुलाला लिहिता यावे म्हणून. तेच माणसाला दारातून परत पाठवण्यासाठीही वापरता येते, हे मला त्या बागेत बसून पहिल्यांदा नीट कळले.

इथे आपल्या पुण्याचा एक धागा आहे. १९०२ च्या मतदानाच्या कायद्याने तिथल्या स्त्रियांना मत मिळाले, पण मूळ रहिवासी आणि आशिया-आफ्रिकेतून आलेले यांना वगळले गेले. पूर्वीपासून तिथे राहिलेले काही हिंदी शेतमजूर आणि फेरीवाले होते, त्यांनाही मत नाही. नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापला. त्यांच्या मागे त्या समाजाचे अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री १९२२ साली हिंदुस्थान सरकारतर्फे ऑस्ट्रेलियात गेले आणि गावोगावी भाषणे देऊन त्यांनी या लोकांची बाजू मांडली. १९२५ मध्ये कायदा बदलला आणि ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्यांना मत मिळाले. देशाचे मूळ मालक मात्र अजून पुष्कळसे बाहेरच होते. त्या सर्वांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत मिळाले १९६२ साली.

बागेतून दक्षिणेला उतरलो की पार्लमेंट हाउसच्या पायऱ्या. या पायऱ्यांपर्यंत एक म्हातारा वीस कोस चालत येई, त्याची गोष्ट सांगतो. त्याचे नाव विल्यम बराक. वुरुंजेरी लोकांचा पुढारी. बॅटमनने खुणा करून घेतल्या तेव्हा तो पोरगा होता आणि त्याने तो प्रसंग पाहिला होता, असे तो सांगे. जमीन गेल्यावर उरलेल्या लोकांना १८६३ मध्ये डोंगराकडेला कोरांडर्क येथे थोडी जागा मिळाली. त्यांनी ती कसली, घरे बांधली, बिअरला लागणारे हॉपचे पीक काढून मेलबर्नच्या बाजारात चांगल्या भावाने विकले. जमीन सुधारली तशी ती शेजाऱ्यांच्या डोळ्यांत भरली. ती काढून घेऊ नये म्हणून बराक आणि त्याचे सोबती अर्ज घेऊन पायी येत. १८८१ साली चौकशी झाली, काही काळ जमीन वाचली. पण १८८६ च्या कायद्याने मिश्र रक्ताच्या, पस्तिशीच्या आतल्या माणसांना तिथून बाहेर काढले. कसणारे हातच गेले. १९२४ मध्ये वस्ती बंद झाली. बराक १९०३ मध्येच वारला होता.

आज स्वान्स्टन रस्त्यावर उभे राहून उत्तरेला पाहिले तर एका उंच इमारतीच्या सज्जांच्या घडणीतून त्याचा चेहरा साकारलेला दिसतो. आणि २०२५ साली व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाने मूळ रहिवाशांशी रीतसर कराराचा कायदा संमत केला. बॅटमनच्या त्या कागदानंतर १९० वर्षांनी!

आता नदीकाठच्या बिरारुंग मार बागेतून विल्यम बराकच्याच नावाचा पादचारी पूल चढा. पूल थेट मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर नेतो. लाखभर माणसे बसतील एवढे मैदान. १८७७ मध्ये जगातला पहिला कसोटी सामना इथे झाला. पण त्याही आधी, १८६६ च्या नाताळात, इथे मूळ रहिवाशांचा संघ मेलबर्न क्लबाशी खेळला. १८६८ साली त्यांतल्या पुष्कळांचा संघ इंग्लंडला गेला. परदेशी दौरा करणारा ऑस्ट्रेलियाचा हा पहिला संघ. सत्तेचाळीस सामने खेळून चौदा जिंकले, चौदा हरले. त्यात सर्वांत चमकला उनारिमिन, ज्याला गोरे जॉनी मुलाघ म्हणत. १,६९८ धावा आणि २४५ बळी! दौऱ्याच्या पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, मूळ रहिवाशांनी कोठे राहावे, कोठे काम करावे, हे सरकारने ठरवायचा कायदा व्हिक्टोरियात झाला. अशा संघाने पुन्हा दौऱ्यावर जाण्याची वाटच खुंटली.

डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला आपला संघ अवघ्या ३६ धावांत गुंडाळला गेला होता. नंतर याच मैदानावर संगमनेर तालुक्यातून आलेल्या, डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणे यांनी कप्तान म्हणून ११२ धावा काढल्या आणि आपण आठ गडी राखून सामना जिंकला. सामन्याचा उत्कृष्ट खेळाडू म्हणून त्यांच्या गळ्यात पदक पडले. ते त्या वर्षीच सुरू झालेले ‘मुलाघ पदक’. आपण सगळ्यांनी तो सोहळा पाहिला, टाळ्या वाजवल्या. पण पदकावर नाव कोणाचे, हे विचारायचे माझ्या तरी तेव्हा मनात आले नाही. मैदानाच्या दाराशी उभा राहिलो तेव्हा मात्र त्या चुकीची लाज वाटली.

संध्याकाळी घरी परतलो. सूनबाईंनी विचारले, “काय काय पाहिलंत, मामा?” काय सांगावे? सज्जनांचे आणि लबाडांचे वेगवेगळे शहर नसते. ज्या इमारतीत स्वातंत्र्याची भाषणे होतात तिच्याच पार्लमेंटात दार बंद करण्याचा कायदा होतो, आणि तोच कायदा मोडणारी माणसेही तिथेच जन्मतात. मेलबर्नचे लोक आता हे पाटी लावून सांगू लागले आहेत, हे मला त्या शहराचे मोठेपण वाटले.

शिक्षकबंधुभगिनींनो, तुम्हाला मेलबर्नला जाण्याचा योग येईल न येईल. पण शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वर्ग घेऊन आपल्याच गावातून एक फेरी मारा. पाटलाचा वाडा, जुनी विहीर, नदीवरचा बंधारा, देवळाची पायरी, वेशीबाहेरची वस्ती. प्रत्येक ठिकाणी तेच तीन प्रश्न मुलांना विचारू द्या. ही जागा आधी कोणाची होती? हे बांधले कोणी? इथे कोणाला येऊ दिले नाही? विहिरीपाशी तिसरा प्रश्न विचारला गेला की एखादे वेळी पोरे गप्प होतील, मोठी माणसेही इकडेतिकडे पाहू लागतील. थोडा वेळ जाऊ द्या. गावातले कोणी तरी म्हातारे माणूस पुढे येईल आणि सांगू लागेल. मुलांना म्हणावे, लिहून घ्या.